रंगमंचाचा तिसरा हिस्सा

मोहबोडीच्या ढिवरटोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, अकरा लाकडी डोंगे आहेत आणि त्यातले सात मंगरू वलथरेनं स्वतःच्या हातानं घडवलेले आहेत. वय बावन्न, अंगानं वाळका, बोलण्याची सवय जवळजवळ नाहीच. चुलबंद नदीत नि गावच्या तलावात मासे धरायचे, एवढंच त्यानं जन्मभर केलं. ग्रामसभेत तो एकदाच बोलला होता, ‘पंखा बंद करा, सर्दी होऊन राहिली’ इतकंच, आणि पंखा बंद झाला नव्हता.

त्याची बायको शकुन अंगणवाडीत मदतनीस. शेहेचाळिसाव्या वर्षी ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होती. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या ध्यानात राहत नसे. सकाळी ती ओसरीवर बसून वाचायची आणि मंगरू समोर जाळं शिवायचा. कुठलाही फॉर्म न भरता त्याचंही बी.ए. होत आलं होतं. पहिल्या वर्षी त्यानं अर्थशास्त्र ऐकलं. दुसऱ्या वर्षी लोकप्रशासन आलं, तेव्हा त्याला डुलकी लागायची. तिसऱ्या वर्षी मध्ययुगीन युरोप सुरू झाला आणि मंगरूच्या हातून जाळ्याच्या गाठी चुकू लागल्या.

“‘धर्मयुद्धांच्या काळात इटालियन व्यापाऱ्यांना मिळालेल्या सवलती,’” शकुननं वाचलं. “दहा मार्काले येते हा.”

जेरुसलेमच्या राज्याला समुद्रकाठचं टायर नावाचं शहर घ्यायचं होतं, पण राज्याजवळ पुरेशी जहाजं नव्हती. ती व्हेनिसवाल्यांजवळ होती. त्यांनी आधी करार मागितला. राज्याच्या प्रत्येक गावात आमची गल्ली, आमचा चौक, आमचं चर्च, आमचं स्नानगृह, आमची भट्टी. माप आमचं, न्यायाधीश आमचा. आणि जे शहर घेऊ त्याचा तिसरा हिस्सा आमचा. राजा तेव्हा शत्रूच्या कैदेत होता, म्हणून त्याच्या वतीनं तिथल्या मोठ्या धर्मगुरूनं करार करून दिला.

मंगरूनं सुई खाली ठेवली. “मंग यायनं जहाजं फुकट नाई देले.”

“नाई.”

“आपन तं देतो.”

ते खरं होतं. दर पुरात ढिवरटोली गावाला डोंग्यातून वाहून न्यायची. दुखणेकरी, बाळंतीण, परीक्षेची पोरं, एकदा तर कोणाची तरी शिलाई मशीन. आणि पाणी उतरलं की शुक्रवारच्या बाजारात ढिवरटोलीच्या बाया पुन्हा नाल्यापलीकडे, जनावरांच्या दवाखान्याच्या भिंतीशी, भर उन्हात मासे घेऊन बसायच्या. वास येतो म्हणून. गिऱ्हाईक त्यांच्याकडून मासा मोजून घ्यायचं आणि किराणा दुकानात जाऊन तोच मासा परत मोजायचं. मंगरूला याचा राग यायचा, पण राग कसा बोलतात हे त्याला माहीत नव्हतं.

त्याच साली ऑगस्टात चुलबंदेला मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर गावानं पाहिलं तर नदी जागेवर नव्हती.

पूर्वी ती गावाबाहेर मोठा वळसा घालून जायची. त्या वळशाच्या पोटात गावचं मैदान, आणि मैदानात गावचा रंगमंच. सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचं छत, कपाळावर निळ्या रंगात ‘मोहबोडी’. पुरात नदीनं वळसा सोडला आणि सरळ वाट धरली. आता ती गाव आणि रंगमंच यांच्या मधून वाहू लागली. जुन्या पात्रात वाळू भरली, दिवाळीपर्यंत ती कोरडी झाली, आणि पलीकडच्या कुंभीटोल्याचे लोक पाय न भिजवता रंगमंचावर येऊ लागले. आधी त्यांनी तिथे धान वाळत घातलं. मग ‘मोहबोडी’वर चुना मारला.

तलाठी आले. त्यांनी नकाशा पाहिला, नदी पाहिली, “नकाशा बरोबर आहे, नदी चुकली आहे,” असं तोंडी सांगितलं आणि गेले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, आणि नाटक होतं. मोहबोडीनं वडशाची नाटक कंपनी जुलैतच ठरवून ठेवली होती. रंगमंचाशिवाय नाटक कुठे करायचं, म्हणून सरपंच धनंजय कापगते बोलणी करायला मोटरसायकलनं कुंभीटोल्याला गेले. कुंभीटोला हे त्यांचं सासर. त्यांचे सासरे मधुकरराव हेच तिथले पुढारी.

धनंजय परत आले नाहीत. पहिल्या दिवशी सासऱ्यानं जेवायला थांबवलं. दुसऱ्या दिवशी चुलतसासऱ्यानं. तिसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकले गेले आणि मोटरसायकलच्या चाकातली हवा गेली. पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीत त्यांचा दबक्या आवाजात फोन आला.

“येऊ देऊन नाई राहिले जी. आज मावससासऱ्याच्या घरी आहो. रंगमंचाचं बोलाव म्हनतो तं ताटात आनखी एक पोई टाकतेत.”

त्यांची बायको प्रतीक्षा मोहबोडीतच होती. तिनं माहेरी फोन लावला, तर आईनं विचारलं, “जावयाले वडे आवडतेत का भजे?”

सातव्या दिवशी उपसरपंच सुलोचनाबाईंनी ग्रामसभा बोलावली. सुलोचनाबाई पासष्ट वर्षांच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की ते ठरलं असं मानणाऱ्या. कोणीतरी म्हणालं, पुलावरून जाऊ, दिघोरीकडून एकोणीस किलोमीटर तर आहे.

“रस्त्यानं गेलो तं कुंभीटोल्याच्या वेशीतून जाव लागते,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “म्हनजे पाहुने म्हनून गेलो. नदीनं गेलो तं मालक म्हनून.”

हे सगळ्यांना पटलं. माना मागे वळल्या, शेवटच्या रांगेत ढिवरटोली बसली होती तिकडे.

“मंगरू, रविवारी सकारी डोंगे आन,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

मंगरू उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “करार पायजे, बाई.”

शकुन त्याच्या शेजारी उठली, तिच्या हातात वहीचं पान होतं. तिनं वाचलं. बाजाराचा तिसरा हिस्सा, चिंचेखालचा, सावलीतला. आमचा काटा, आमच्या काट्यावर मोजलेलं कोणी परत मोजायचं नाही. ढिवरावर कोणाला तक्रार करायची असेल तर ती आमच्या न्यायाधीशाकडे करायची. एक स्नानगृह. एक भट्टी. आणि रंगमंच मिळाला तर त्याचा तिसरा हिस्सा.

“भट्टी कायची?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“पावाची असन,” मंगरू म्हणाला.

“तुमी पाव खाता?”

“नाई. पन लिवलेली आहे.”

“अन् नदीवर जनम काढला, तुमाले स्नानगृह कायले?”

मंगरूनं शकुनकडे पाहिलं. शकुन म्हणाली, “तेबी लिवलेलं आहे जी.”

सुलोचनाबाईंची अडचण वेगळीच होती. सरपंच नसताना सही कशी करायची? तेव्हा शकुननं त्यांना कैदेतल्या राजाची गोष्ट सांगितली. बाईंनी नीट ऐकून घेतली.

“त्यालेबी सासऱ्यानंच ठेवलं होतं काय?”

“नाई जी. दुश्मनानं.”

“मंग आपलं तं त्याच्यापेक्षा कठीन आहे,” म्हणत सुलोचनाबाईंनी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही केली.

रविवारी अकरा डोंगे निघाले. पुरात तारा तुटल्यामुळे रंगमंचावर वीज नव्हती, म्हणून नाटक दुपारी ठेवलं होतं आणि नट घरूनच तोंड रंगवून आले होते. एका डोंग्यात हार्मोनियम आणि तबला, एकात पुठ्ठ्याचं सिंहासन, एकात नायिका छत्री धरून. मंगरू सर्वांत पुढच्या डोंग्यात सुलोचनाबाईंना घेऊन होता. त्याच्या पायाशी चुन्याची पिशवी होती.

पलीकडच्या काठावर कुंभीटोला उभा होता. काठ्या नव्हत्या. त्यांनी सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढे खुर्च्या लावल्या होत्या, आणि मधल्या खुर्चीत धनंजय कापगते बसले होते. चेहरा चांगलाच भरला होता. मधुकरराव हार घेऊन पुढे आले.

“या, या. मोहबोडीवाले आमचे पाहुने.”

सुलोचनाबाई डोंग्यातून उतरल्या नाहीत. “आमी पाहुने नोहो. मालक आहो. हार तुमीच घाला.”

“आमच्या काठावर आमीच पाहुने होऊ काय?”

मामला तिथे अडकला. मधुकररावांच्या हातात हार तसाच, बाई डोंग्यात तशाच, अकराही डोंगे काठाला टेकून डुलत होते. अर्धा तास गेला. उन्हानं राजाच्या मिशीचा रंग हनुवटीवर उतरला. नायिकेला मळमळू लागलं.

तेव्हा मंगरू पिशवी घेऊन खाली उतरला. कोणी त्याला अडवलं नाही, कारण तो काय करतोय हे कोणाला कळलं नाही. ओट्यावर चढून त्यानं पावलं मोजली आणि उजव्या अंगाला चुन्याची एक सरळ रेघ ओढली.

“हे ढिवरायचं,” तो म्हणाला. “बाकीचं तुमी पाहून घ्या.” मग त्यानं आणखी सांगितलं, “याच्यावरून या दोघंबी. म्हनजे माये पाहुने.”

मधुकररावांनी विचार केला. मंगरूचे पाहुणे होण्यात मोहबोडीपुढे झुकणं नव्हतं. सुलोचनाबाईंनीही विचार केला आणि साडी सावरत उतरल्या. डोंग्यांनी फेऱ्या मारून उरलेली मोहबोडी आणली. दोन्ही गावं उजव्या बाजूच्या पायऱ्या चढून, मंगरूला रामराम करून, डावीकडून खाली उतरली आणि सतरंजीवर बसली. चारशे लोक होते, पाऊण तास लागला. मंगरू प्रत्येकाला नमस्कार करत उभा होता. शकुन त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “पाहुने तं केले. चहा कोन पाजन?” चहा शेवटी कुंभीटोल्यानं केला आणि मंगरूच्या नावानं वाटला.

नाटकाच्या तिसऱ्या अंकात खलनायक नायकाच्या बापाला मारतो. खलनायकाचं काम कुलदीप नावाचा उंच नट करत होता. खुनाची जागा नेमकी उजवीकडे, मंगरूच्या हद्दीत. कुलदीप रेघेपर्यंत आला, थांबला आणि पडद्याशी उभ्या असलेल्या मंगरूला हळूच म्हणाला, “काका, मले इथं खून करायचा आहे.”

“करा. पन केस आमच्याकडं चालन.”

खून झाला, बाप पडला, पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. नाटक संपल्यावर मात्र लोक उठेनात. केस चालेल हे पुढच्या रांगेनं ऐकलं होतं. मंगरूला पुठ्ठ्याच्या सिंहासनावर बसवण्यात आलं. ते त्याच्या वजनानंही थोडं दबलं.

“काहून मारला?” त्यानं विचारलं.

“नाटकात तसं लिहिलं होतं जी.”

लिहिलेलं आहे म्हणून मंगरूनं स्वतः पावाची भट्टी मागितली होती, त्यामुळे हा बचाव त्याला एकदम खोटा म्हणता येईना. मेलेला बाप बाजूलाच उभा राहून चहा पीत होता. त्याला विचारलं, तो म्हणाला, “माजी काही तक्रार नाई.”

“तरी आमच्या हद्दीत झाला,” मंगरू म्हणाला. “जाताना डोंगा तू वल्हव.”

कुलदीपनं कधी वल्हं धरलं नव्हतं. काळ्या अंगरख्यात, कमरेला तलवार लटकवून तो भर नदीत चार वेळा गोल फिरला. दोन्ही काठांवरून लोक त्याला वेगवेगळ्या दिशा सांगत होते. नाटकापेक्षा हेच चांगलं झालं, असं कुंभीटोल्यात अजून म्हणतात.

त्याच फेरीत धनंजय कापगते सुटून घरी आले. सोबत सासूनं दिलेला वड्यांचा डबा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी करार वाचला आणि कपाळ धरलं. पण बाईंची सही होती. त्यांनी तो मान्य केला, फक्त एक कलम वाढवलं, की दर पुरात डोंगे आलेच पाहिजेत. भट्टी मात्र त्यांना खोडायची होती. ते सुलोचनाबाईंनी होऊ दिलं नाही. “मी सही केली आहे,” त्या म्हणाल्या. म्हणून ढिवरटोलीत विटांची एक भट्टी उभी आहे. तिच्यात आजवर काही भाजलेलं नाही. पावसात तिथे शेळ्या बसतात. स्नानगृहही झालं, दारावर नाव आहे, आत नळ आहे, नळाला पाणी यायचं आहे. शकुनला परीक्षेत तोच प्रश्न आला. तिला दहापैकी चार मार्क पडले, कारण धर्मगुरूच्या जागी तिच्या हातून सुलोचनाबाईंचं नाव लिहिलं गेलं.

करारानंतरच्या पहिल्या शुक्रवारी बाया चिंचेखाली बसल्या. पहिला तासभर त्या अंग चोरून बसल्या होत्या, कोणी उठवायला येतं का ते पाहत. कोणी आलं नाही. मासा एकदाच मोजला गेला. मंगरू लांब दवाखान्याच्या भिंतीशी सायकल धरून उभा होता. तिथलं ऊन त्याला आज पहिल्यांदा रिकामं दिसलं. त्यानं काम नसताना घंटी वाजवली आणि तो नदीकडे गेला.

न्यायाधीशाचं काम मात्र त्याच्या गळ्यात पडलं. करारात फक्त ढिवरांवरच्या तक्रारी होत्या, पण तहसीलला तारखा पडतात आणि मंगरूकडे पडत नाहीत, हे लोकांच्या लक्षात आलं. शेतकरी येऊ लागले. कुंभीटोल्याचे येऊ लागले. एकदा एक जण फक्त सल्ला विचारायला आला, की मुलीचं लग्न आधी करू की घराला स्लॅब टाकू.

परवाची केस विनोदची होती. विनोदची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तलाव भरून वाहिला तेव्हा मच्छीमार सोसायटीनं तलावात सोडलेले मासे त्याच्या बांधीत उतरले आणि पाणी आटल्यावर तिथेच अडकले. सोसायटी म्हणे, मासे आमचे. विनोद म्हणे, बांधी माझी.

मंगरूनं दोन्हीकडचं ऐकलं. खूप वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

“मासा आपल्या पायानं आला का तू आनला?”

“माश्याले पाय कोठी आहे जी? पान्यानं आला.”

“म्हनजे तो पाहुना झाला.”

सोसायटीचे लोक खूश झाले. पाहुणा म्हणजे परत पाठवायचा. विनोदचा चेहरा पडला. मग त्यानं जरा धीर करून विचारलं, “पन पाहुन्याले खाता येते काय?”

शकुननं पुस्तकं धुंडाळली. व्हेनिसवाल्यांच्या कुठल्याही करारात याबद्दल काही नव्हतं. मंगरूनं सांगितलं, जेवणानंतर निकाल देतो. विनोद म्हणाला, मग जेवायला आमच्याकडेच या, सगळेच या. सगळे गेले. विनोदच्या घरी चुलीवर मोठं भगोणं चढलेलं होतं. त्यात काय आहे ते कोणी विचारलं नाही, आणि मंगरूनं दोनदा रस्सा घेतला.