शालिग्रामभाऊंकडे आलेली नोटीस

मानोऱ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागून दहा बाय बाराची एक खोली आहे. तिथे शालिग्राम गावंडे लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतात. लोक त्यांना वकीलसाहेब म्हणतात. ते वकील नाहीत आणि सीएही नाहीत. किन्हीराजाच्या एका कास्तकार घरातले, वाशीमला बी.कॉम. केलं, अकोल्यात एका कर सल्लागाराकडे चौदा वर्षं काम केलं आणि मग इथे येऊन स्वतःचं टेबल मांडलं. सुरुवातीला ते प्रत्येकाला सांगायचे की मी वकील नाही. पुढे सांगणं सोडून दिलं.

त्यांच्याकडे शाळामास्तर यायचे, किराणा-हार्डवेअरवाले यायचे आणि आजूबाजूच्या तांड्यांवरचे ऊसतोडीचे मुकादम यायचे. हिशेबापेक्षा बाकीच्या भानगडीच जास्त. एकाचं नाव आधारवर देवला, पॅनवर देविदास आणि बँकेत डी. आर. राठोड. हे तिघं मिळून एकच माणूस आहे, हे पटवून देण्यात दोन महिने जायचे. एखाद्या गुरुजींना कर वाचवायला स्वतःच्याच घराची भाडेपावती हवी असायची. ती मिळणार नाही म्हटलं की गुरुजी चहा तसाच टाकून उठायचे. पण खरा त्रास मोबाइलचा होता. ऊसतोडीला गेलेला माणूस सहा महिन्यांत दोन सिमकार्डं बदलून यायचा, आणि त्याचा ओटीपी जायचा जुन्या नंबरवर. ई-मेल तर तांड्यावर कुणाकडेच नव्हता.

म्हणून शालिग्रामभाऊंनी एक सोय केली. ज्याला ई-मेल नाही त्याच्या इन्कम टॅक्सच्या खात्यात ते आपलाच ई-मेल टाकू लागले. एक पुरेना तेव्हा आणखी काढले आणि सगळ्यांचे निरोप एकाच ठिकाणी वळवून घेतले. असं करता करता पावणेदोनशे लोकांचं टपाल त्यांच्या लॅपटॉपवर येऊन पडायला लागलं. यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. लोक उलट खूश होते.

हेमसिंग राठोड त्या पावणेदोनशेंतला एक. मानोऱ्यापासून सहा-सात किलोमीटरवर त्याचा तांडा. दर दसऱ्यानंतर तो बत्तीस कोयते, म्हणजे बत्तीस नवरा-बायकोच्या जोड्या घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर जायचा. कारखान्याकडून तोडणीचे सगळे पैसे त्याच्या खात्यात यायचे आणि तो ते मजुरांना वाटायचा. कागदावर मात्र ती सगळी रक्कम त्याच्या पॅनवर दिसायची. वाटलेल्या पैशांची नोंद एका लांबट वहीत असायची, प्रत्येक रकमेपुढे अंगठा. वही कायम त्याच्याबरोबर, कारखान्यावरसुद्धा.

त्या साली जूनमध्ये हेमसिंग बँकेतून थेट शालिग्रामभाऊंकडे आला. मी तेव्हा झेरॉक्स द्यायला आत गेलो होतो. त्याची मुलगी संगीता बारावी सायन्सला एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली होती आणि तिला वाशीमला नर्सिंगला घालायचं होतं. फीसाठी ठेवलेले पैसे काढायला तो गेला, तर मिळेनात.

"बँकेवाला म्हन्ते इन्कम टॅक्सचा होल्ड हाये," तो म्हणाला. "माह्या हाती त एकबी कागद आला नाई. काहीतरी चुकीनं झालं असन. पाहा बरं तुमी."

शालिग्रामभाऊंनी लॅपटॉप उघडला आणि हेमसिंगचं नाव टाकलं. मी त्यांच्या मागेच उभा होतो. चार मेल निघाले. पहिला नोव्हेंबरचा. मजुरांना पैसे वाटले त्याचा पुरावा द्या, असं त्यात विचारलेलं होतं. मग दोन स्मरणपत्रं. शेवटचा मार्चमधला आदेश: उत्तर आलं नाही म्हणून वाटलेल्या पैशांचा मोठा भाग हेमसिंगचंच उत्पन्न धरला आहे आणि त्यावर कर, व्याज लावलं आहे. नंतरचे तीन मेल न उघडलेले, म्हणून ठळक अक्षरांत होते. पहिला नव्हता. तो कुणीतरी उघडून वाचलेला होता.

शालिग्रामभाऊंनी लॅपटॉप मिटला. मग हेमसिंगला म्हणाले, पाहतो, दोन दिवसांत सांगतो. तो गेला. जाताना मला म्हणाला की वकीलसाहेब आहेत, आता काळजी नाही.

तो गेल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. नोव्हेंबरात त्यांची आई गोजराबाई अकोल्याच्या दवाखान्यात होती. तिथे बाकड्यावर बसून त्यांनी तो मेल मोबाइलवर वाचला. वही हेमसिंगकडे कारखान्यावर, उत्तराला अजून तीन आठवडे आहेत, परत गेल्यावर फोन करू, असं ठरवून त्यांनी फोन खिशात टाकला. त्यानंतर नवव्या दिवशी आई गेली. तेरवी आटोपून ते खोलीवर आले तेव्हा तो मेल शे-दीडशे मेलच्या खाली गेलेला होता आणि वाचलेला असल्यामुळे डोळ्यांत भरतही नव्हता. पुढचे तीन त्यांनी पाहिलेच नाहीत. मी म्हटलं, आई गेली होती, माणूस आहे, विसरतो. त्यावर ते म्हणाले, "आईचं नाव यात आनू नका. ती गेली त्याले चार महिने झाले होते तवा आदेश निघाला."

दोन दिवसांनी दुपारी ते दुकानात येऊन उभे राहिले आणि तांड्यावर चलता का, असं विचारलं. एकट्यानं जाणं त्यांना होत नसावं. मी शटर ओढलं आणि त्यांच्या गाडीवर मागे बसलो.

हेमसिंगनं बाज टाकून दिली. त्याची बायको हिरीबाई पाणी घेऊन आली. संगीता दारात फॉर्म घेऊन बसली होती. शालिग्रामभाऊंनी पाणी घेतलं नाही.

"हेमसिंगभाऊ, कागद आला होता," ते म्हणाले. "चार खेप आला. तुमच्याकडं नाई, माह्याकडं आला. पयला मी वाचला अन् ठेवून देला. चूक तुमची नाई, खात्याचीबी नाई. माही हाये."

हेमसिंगला ते लवकर कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, रकमेसह. मग तो बाजेची सुतळी बोटानं उकलत बसला. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. हिरीबाईनं विचारलं, तेही अगदी सावकाश:

"पोस्टमननं तो कागद आमच्या घरी टाकला असता, त काय झालं असतं?"

"तुमी कोनाकडून वाचून घेतला असता," शालिग्रामभाऊ म्हणाले.

"कोनाकडून? तुमच्याकडंच आनला असता न आमी."

संगीतानं विचारलं की चार तारखेपर्यंत खातं सुरू होईल का, फी भरायची शेवटची तारीख तीच आहे. ते नाही म्हणाले. ती उठून आत गेली.

अपील करायचं तर मुदत कधीच टळून गेली होती. उशीर माफ व्हायला सबळ कारण लागतं. अकोल्याचा वकील म्हणाला, अशिलाचा पासवर्ड हरवला होता असं लिहू, तुमचं नाव कशाला मधे आणता. शालिग्रामभाऊंनी ऐकलं नाही. त्यांनी तहसीलमध्ये जाऊन स्वतःचं ॲफिडेव्हिट केलं. त्याच्या प्रती मीच काढल्या, म्हणून त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'सदर नोटीस मी स्वतः उघडून वाचली होती व ती करदात्यास कळवली नाही.' मी म्हटलं, भाऊ, गाव लहान आहे, हे तहसीलमधून बाहेर जाईल. ते म्हणाले, जाऊ द्या.

ते बाहेर गेलंच. जुलै हा त्यांच्या धंद्याचा महिना. खोलीबाहेर खुर्च्या कमी पडून माझ्या दुकानातल्या न्याव्या लागायच्या. त्या जुलैत गुरुजी मंडळी एकेक करून आली आणि आपले पासवर्ड मागून घेऊन गेली. कुणी कारण सांगितलं नाही. जे उरले त्यांना शालिग्रामभाऊंनी स्वतः फोन केले. तुमचा ई-मेल तुमच्या नावानं काढा, आपल्या घरात कुणाला तरी रोज बघायला सांगा. निम्म्यांना तेही आवडलं नाही. एक हार्डवेअरवाला म्हणाला, तेच करायचं तर तुम्हाला पैसे कायचे देऊन राह्यलो?

मजुरांचे जबाब गोळा करायचे होते. चार रविवार ते तांड्यावर बसले, वही उघडून एकेकाला बोलावलं, अंगठा ओळखून घेतला, जबाब लिहिला. चौसष्टांपैकी एकोणसाठ झाले. तिघं पुण्याकडे बांधकामावर गेले होते, एकीचा पत्ताच नव्हता. सोमला नावाचा एक जण मागच्या हंगामात उसाच्या फडातच साप चावून मेला होता. त्याची बायको म्हणाली, त्याच्या जागी मी अंगठा लावते. शालिग्रामभाऊंनी तिला समजावलं की तसं चालत नाही. ती जागा रिकामी ठेवली.

वसुली थांबवायला मागणीच्या पाचव्या हिश्शाचा भरणा करावा लागला. हेमसिंगच्या खात्यात अडकलेले फीचे पैसे त्यात गेले. कमी पडले ते शालिग्रामभाऊंनी आपली एक ठेव मोडून भरले. त्या महिन्यात त्यांची बायको वर्षाराणी बहिणीकडे शेलूबाजारला गेली ती पंधरा दिवस आली नाही. सप्टेंबरमध्ये खातं सुरू झालं. त्यात तीनशे रुपये होते.

नर्सिंगचे प्रवेश तोवर संपले होते. खातं अडकलेलं असताना कारखान्यानं हेमसिंगचा करारही दुसऱ्याला दिला. सतरा वर्षं मुकादमी केलेला माणूस त्या दसऱ्यानंतर हरिसिंग नावाच्या मुकादमाच्या हाताखाली साधा कोयता म्हणून गेला. हिरीबाई गेली. संगीताही गेली, मोळ्या बांधायला माणूस हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी हेमसिंग सही करायला खोलीवर आला होता. शालिग्रामभाऊंनी त्याला विचारलं की एवढं झाल्यावर तो अजून आपल्याकडेच कागद का ठेवतो. मंगरूळपीरला चांगले सीए आहेत, त्यांनी नावही सुचवलं.

हेमसिंग म्हणाला, "तो मले वळखत नाई साहेब. माही वही पाहून तो हासन." मग म्हणाला, "अन् तुमी काय आता पुन्हा इसरान काय?"

हे तो रागानं म्हणाला की विश्वासानं, ते शालिग्रामभाऊंना कळलं नाही. त्यांनी मला विचारलं. मलाही सांगता आलं नाही.

एप्रिलमध्ये तांडा परतला. मे महिन्यात शालिग्रामभाऊ नर्सिंगच्या नव्या वर्षाचा फॉर्म घेऊन तिकडे गेले. फीचं काहीतरी करू, असं त्यांनी ठरवलं होतं. संगीता भेटली. तिच्या तळहातांवर पाचटाचे काप होते. तिनं फॉर्म हातात घेऊन पूर्ण वाचला आणि परत दिला. तिचं लग्न ठरलं होतं, दिग्रसकडच्या एका तांड्यावर. हरिसिंगकडून तिच्या आणि होणाऱ्या नवऱ्याच्या नावानं पुढच्या हंगामाची उचलही घेऊन झाली होती, लग्नाचा खर्च त्यातूनच होणार होता. "आता नाई जमत, सर," एवढंच ती म्हणाली.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. हेमसिंगनं आम्हाला मांडवात पुढे नेऊन बसवलं. हिरीबाईनं स्वतः वाढलं. शालिग्रामभाऊ जेवले, पण मान वर केली नाही. नवरदेव पाया पडायला आला तेव्हा हेमसिंग त्याला म्हणाला, हे आपले वकीलसाहेब, कागद-गिगद असला त यायलेच दाखवजो.

उशीर माफ झाल्याचा आदेश त्यानंतर महिनाभरानं आला. अपिलाची सुनावणी अजून लागलेली नाही. शालिग्रामभाऊ रोज सकाळी दहाला खोली उघडतात आणि आधी हेमसिंगच्या नावावर काही आलं आहे का ते बघतात. बहुतेक दिवशी काही नसतं.