हँगरवरून घसरलेली साडी

माझ्या बायकोला काचबिंदू आहे हे आम्हाला कळलं, तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. ती टाकवे बुद्रुकच्या शाळेत शिकवायची. वर्गात उजव्या बाजूला बसणाऱ्या मुलींनी हात वर केला तर तिला दिसत नसे, आणि कित्येक महिने तिला वाटत राहिलं की त्या बाजूच्या मुली अलीकडे उत्तरंच देत नाहीत. त्यांना ती रागावलीही होती. ते तिला पुढे फार लागून राहिलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची." थेंब सुरू झाले, एक ऑपरेशन झालं. तरी दोन वर्षांत डाव्या डोळ्यानेही नळीतून पाहिल्यासारखं दिसायला लागलं. मग रंग ओळखू येईनात. निवृत्तीला तीन वर्षं असताना तिने नोकरी सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, "तब्येत साथ देत नाही." डोळ्यांचं नाव तिने कुणाजवळ काढलं नाही. मलाही काढू दिलं नाही.

मी देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरमध्ये होतो. जिथली वस्तू तिथेच पाहिजे, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे तिच्यासाठी कामशेतच्या आमच्या घराची मांडणी मीच लावून दिली. मिठाची बरणी कुठे, डोळ्यांचे थेंब कुठे, चपला कुठे, सगळं ठरलेलं. फक्त कपड्यांच्या कपाटाला तिने मला हात लावू दिला नाही. ते तिने स्वतः लावलं. डावीकडे घरात नेसायच्या सुती साड्या, मग बाहेरच्या, मग दुःखाच्या ठिकाणी जायला दोन फिक्या, आणि शेवटी लग्नकार्याच्या. प्रत्येक साडी हँगरवर, आतल्या बाजूला तिचंच ब्लाऊज. ती बोटांनी हँगर मोजत जायची आणि हवी ती साडी काढायची. तयार होऊन बाहेर आली की हिला दिसत नाही असं कुणाला खरं वाटलं नसतं.

या व्यवस्थेत एकच गोम होती. हँगर प्लॅस्टिकचे, गुळगुळीत. सुती साडी त्यावर टिकायची. सिंथेटिक साडी मात्र दार उघडल्याच्या धक्क्यानेही सरकायची आणि खाली जाऊन पडायची. डोळस माणूस ती उचलतो आणि परत टांगतो, त्यात विशेष काही नाही. तिला मात्र कपाटाच्या तळाशी हात फिरवून आधी साडी शोधावी लागे, मग ती कोणती ते कापडावरून ताडावं लागे, आणि मग तिची जागा शोधावी लागे. हे ती माझ्यासमोर करायची नाही. मी बाजारात गेलो की करायची. मला ते ठाऊक होतं. मी काही बोलत नसे.

माझे थोरले चुलते वारले त्या वर्षीची गोष्ट. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. दहाव्याला मी पहाटेच टाकव्याला नदीवर गेलो. बायको मागून ओळखीच्या रिक्षाने येणार होती. पिंड ठेवले होते, प्रवचन सुरू झालं होतं, आणि रिक्षा घाटाच्या वर येऊन थांबली. ती उतरली. तिने राणी रंगाची फुलाफुलांची साडी नेसली होती. तिकडे पायऱ्यांवर बसलेल्या बायका सगळ्या पांढऱ्या, राखाडी, फिक्या साड्यांत. त्यांच्यामध्ये ती तब्येतीच्या नावाखाली घेतलेल्या काठीच्या आधाराने सावकाश पायऱ्या उतरत होती आणि तिच्या चेहऱ्यावर अशा प्रसंगी असावा तसा गंभीर भाव होता.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. दुःखाच्या दोन फिक्यांपैकी राखाडी आणि ही राणी, या दोन साड्या तिने एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्या होत्या. कापड एक, पोत एक, दोन्हींना काठ नाही. दोन्ही घसरून खाली पडल्या असणार, आणि परत टांगताना एकीची जागा दुसरीला गेली असणार.

मी उठून जायला हवं होतं. चार पावलं टाकून तिच्या कानात सांगायला हवं होतं. रिक्षा अजून वळलीही नव्हती. पण मला वाटलं, आता सांगितलं तर ती इथेच कोसळेल. न सांगता वेळ निभावून नेऊ. मी खाली मान घालून बसून राहिलो. ती बायकांमध्ये जाऊन बसली. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

कावळा शिवल्यावर लोक उठायला लागले, तेव्हा माझी आत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, तिच्याजवळ गेली. आत्याचं वय झालेलं, आवाज मोठा, मनात काही नसतं.

"सूनबाई, आज ह्यो रंग कशाला नेसली गं? माझा भाऊ गेलाय. लोकं काय म्हनतील? तुला दिसत न्हाई व्हय?"

बायकोने पदर हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, उजेडाकडे धरला. मग खाली सोडला.

"नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

इतकी वर्षं जे तिने लपवलं होतं ते असं, घाटावर, सगळ्यांच्या देखत तिला सांगावं लागलं. आत्याला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आणि आबांसाठी रडली नव्हती इतकी ती तिथे रडली. स्वतःच्या खांद्यावरची पांढरी शाल काढून तिने बायकोच्या अंगाभोवती लपेटली. "माझी चूक झाली गं बाई," एवढंच म्हणत राहिली. उलट बायकोच आत्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

परतताना रिक्षात आम्ही दोघंच मागे बसलो होतो. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला केव्हा दिसलं?"

"तू उतरलीस तेव्हाच."

"मग?"

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट वाटलंच," ती म्हणाली. "फक्त सगळ्यांच्या शेवटी मला कळलं."



दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी तिची साडी काढून पलंगावर ठेवायला लागलो. ती हरकत घेत नव्हती. ठेवली ती नेसायची. पंधरा-वीस दिवसांनी दुपारी ती ओट्याशी उभी असताना सहज म्हणाली, "आज कुठली नेसलेय मी?" त्या विचारण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. शेजारणीने आज काय भाजी केली, असं विचारावं तसा तो आवाज होता. स्वतःच्या अंगावर काय आहे याच्याशी तिचा संबंध उरला नव्हता. तिने बाहेर जाणं बंद केलं होतं, फोनवर बोलणं कमी केलं होतं, आणि मी समजत होतो की मी तिला मदत करतोय.

मग मी हँगरच्या मागे लागलो. आधी दांडीवर रबर गुंडाळले. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींनाही ओल धरते. रबर विरघळल्यासारखे झाले आणि तिच्या एका चांगल्या साडीवर तपकिरी डाग पडले. मग पॉलिश पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या. साडी घसरली नाही, पण धागे ओढले गेले. मग चिमटे लावले. चिमट्यांचे वण उठायचे, आणि घाईत एक चिमटा तिच्या बोटावर बसला. प्रत्येक वेळी मी काय केलं ते तिला उत्साहाने सांगायचो. ती "बरं" म्हणायची.

टाकव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात ठाकरांची वस्ती आहे. तिथल्या एक मावशी कामशेतला भाजी विकायला यायच्या, आणि जाताना आमच्या पायरीवर चहा घ्यायला टेकायच्या. त्यांच्या मुलीला बायकोने शाळेत शिकवलं होतं, तेव्हापासूनची ओळख. एके दिवशी मी ओसरीवर हँगर आणि चिकटपट्टी घेऊन बसलो होतो. मावशींनी विचारलं, "भाऊ, काय चाललंय?" मी सांगितलं. त्यांनी एक हँगर हातात घेतला, दांडीवरून अंगठा फिरवला आणि हसल्या.

"ह्ये तर लय गुळगुळीत हाय. ह्याच्यावर काय ऱ्हानार? आमी डोईवर पाटी घेतो, खाली चुंबळ असती. डोंगर उतरून येतो, पन पाटी हालत न्हाई. जुन्या लुगड्याचीच असती ना ती. तसंच गुंडाळा की ह्याला."

आतून बायको बाहेर आली. मला वाटतं दहाव्यानंतर पहिल्यांदाच ती आपण होऊन कुणाच्या बोलण्यात पडली. "कशी गुंडाळायची, मावशी? मला हातात देऊन दाखवा."

तिनेच तिच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा आणला. मावशींनी टराटरा पट्ट्या फाडल्या, एक पट्टी ओली केली, पीळ दिला आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दांडीवर घट्ट वळत नेली. ओली पट्टी वाळली की आवळून बसते, असं त्या म्हणाल्या. टोक सुईने टाचायचं होतं. सुई मी ओवून दिली, टाके बायकोने घातले. ते वेडेवाकडे होते, पण पक्के होते. मावशींचा चहा गार झाला. त्या दिवशी तीन हँगर झाले. उरलेले तिने एकटीने केले, सात-आठ दिवस रोज थोडे थोडे करून. मी सुया ओवून उशीत टोचून ठेवायचो, तेवढंच.

नुसतं गुंडाळून ती थांबली नाही. दुःखाच्या साड्यांच्या हँगरला तिने पट्टीचीच एक गाठ मारली, लग्नकार्याच्यांना दोन. कपाट दाटलेलं असलं की एक साडी ओढताना शेजारची बरोबर येते, हे तिच्या ध्यानात आलं, म्हणून निम्म्या साड्या तिने काढून टाकल्या. राणी रंगाची हातात आली तेव्हा मी म्हटलं, "ही देऊन टाकूया." ती म्हणाली, "का? मला आवडते ती. बघून घेतली होती मी." ती तिने दोन गाठींच्या हँगरवर ठेवली.

सगळं झाल्यावर तिने मला कपाटाचं दार जोरात आपटायला सांगितलं. मी आपटलं. ती वाकली, तळाशी हात फिरवला. काही नव्हतं. पुन्हा आपटायला लावलं. तेव्हाही काही नव्हतं. ती तशीच जमिनीवर बसली आणि मग, घाटावर न रडलेली ती, कपाटाच्या दाराला डोकं टेकून रडली. मी बाजूला बसलो.

त्यानंतर कपडे कधी पडलेच नाहीत असं नाही. पुढच्या आश्विनात आम्ही लोणावळ्याला तिच्या बहिणीकडे निघालो होतो. मी पाण्याची बाटली भरत होतो आणि कपाट उघडं होतं. एक पट्टी सैल झाली होती, आणि एक निळी साडी तळाशी पडली होती. बॅग भरून ती दारात उभी होती. मी ती साडी उचलून टांगली असती तर तिला कळलंही नसतं. क्षणभर हात पुढे गेलाच होता.

"अगं," मी म्हटलं, "एक साडी खाली पडलीय. बाहेरच्यांतली."

ती परत फिरली. चप्पल काढली, आत आली, साडी उचलली, हँगर चाचपला. "टाका सुटलाय," म्हणाली. सुई मागितली. आमची गाडी चुकली. पुढची तासाभराने होती; आम्ही स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो आणि तिने डब्यातला चिवडा तिथेच काढला.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचे थेंब बंद केले. आता उपयोग नाही, असं त्यांनी हळू आवाजात मला सांगितलं. घरी आलो तेव्हा दुपार टळत होती. तिने तोंड धुतलं, साडी बदलली, बाहेर येऊन ओसरीवर बसली. मी शब्द जुळवत होतो.

"काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

मी जसं होतं तसं सांगितलं.

"मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "खिडकीचा उजेड दिसायचा, तो दिसेना. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता." मग तिने हात पुढे केला. मी तो धरला, आणि बाजारातली दुकानं बंद होईपर्यंत आम्ही तसेच तिथे बसून होतो.