काचेपलीकडून शिकलेली घडी

लॉकडाऊनच्या पहिल्या वसंतात मी मास्क शिवत होते. आम्ही तेव्हा नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायचो. नवरा वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये आणि मी खाली शिलाई मशीनवर. पुण्यातली नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर येऊन मला दोन वर्षं झाली होती, डचचा क्लास अर्ध्यावर बंद पडला होता. अशात सुपरमार्केटच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: मशीन असेल तर मास्क शिवायला मदत करा.

चिठ्ठी आइंडहोवनमधल्या एका सुरीनामी सांस्कृतिक संस्थेची होती. सुरीनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. मला वाटलं, सुरीनामी म्हणजे रोटीच्या दुकानातले, भारतातून तिकडे गेलेल्या मजुरांच्या वंशातले, आपल्यासारखेच दिसणारे लोक. पण ही संस्था आफ्रिकेतून गुलाम म्हणून तिकडे नेलेल्यांच्या पणतवंडांची होती. अध्यक्षबाई निवृत्त नर्स, सत्तरीच्या. दम्यामुळे त्यांना घराबाहेर पडायची बंदी, म्हणून सगळा कारभार फोनवर. मास्कचा हिशेब दोन मिनिटांत संपायचा, गप्पा तासभर चालायच्या. शनिवारचा मुलांचा अभ्यासवर्ग, ढोलाचा सराव, कुणाच्या घरी मयत झाली तर आठवडाभर पोचवायचं जेवण, सगळं मला त्यांच्याकडून कळलं.

जून उजाडला तसा त्यांचा आवाज बदलला. एक जुलै हा त्यांचा गुलामगिरी संपल्याचा दिवस. त्या दिवशी बायका कोतो घालतात, म्हणजे खळ देऊन ताठ केलेला घेरदार पोशाख, आणि डोक्याला आंगिसा. हा रुमाल खळ घालून, घड्या पाडून, टाचण्या लावून टोपीसारखा उभा करतात. प्रत्येक घडीला अर्थ असतो. एक घडी म्हणते, 'बोलू दे त्यांना.'

"हॉल बंद तर बंद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपण थोरल्या तांतेच्या वृद्धाश्रमासमोर हिरवळीवर उभ्या राहू. बाहेर, अंतर ठेवून. परवानगी मिळाली आहे."

तांते म्हणजे मावशी. थोरल्या तांतेंनी संस्था सुरू केली होती. वय पंच्याऐंशी, आणि तीन महिन्यांत त्यांनी बाहेरचं माणूस काचेतूनच पाहिलं होतं. अडचण एकच होती. संस्थेची स्वतःची एक घडी होती, ती फक्त त्यांनाच यायची. दरवर्षी दार लावून त्या सगळ्यांचे रुमाल घडवायच्या. आता त्यांचे हात थरथरत होते.

"मला जाता येत नाही, आमच्या पोरींना खळ लावता येत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तू जाशील?"

मी सायकल काढली.

तळमजल्याच्या खिडकीत तांते व्हीलचेअरवर बसल्या होत्या. मी बाहेर बागेतल्या बाकाशी उभी, दोघींचे फोन स्पीकरवर.

"तू कोण?"

"मास्क शिवते ती."

"आमची कुणी नाही मिळाली?"

मी मोडक्या डचमध्ये खरं ते सांगितलं, की पोरींना खळ लावता येत नाही. "आणि तुला लावता येते?"

"आईच्या सुती साड्यांना मीच लावायचे."

"किती दाट?"

"बोटाला चिकटेल, पण थेंब पडेल इतकी."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बस खाली," म्हणाल्या.

पहिल्या दिवशी घडी तीनदा कोसळली. "ही झोपली!" म्हणत त्या काचेवर अंगठी आपटायच्या. त्यांची बोटं हवेत घडी घालायची, पण थरथरीमुळे कुठलं टोक कुठे जातं ते कळेना. शेवटी मी म्हटलं, "तांते, हात नको. तोंडाने सांगा."

मग त्या सांगू लागल्या, आणि घडीबरोबर त्यांची स्वतःची गोष्टही येऊ लागली. विशीत इथे आलेली मुलगी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात चारपाच जणी जमायच्या. ढोल वाजले की शेजारी भिंत ठोकायचे. जागा मागायला गेल्या तिथे नकार. मग एका पाद्र्याने चर्चचं तळघर दिलं आणि कितीतरी वर्षांनी खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, जुन्या शाळेचे दोन वर्ग दिले.

"किल्ली हातात आली त्या दिवशी ही घडी घातली," त्या म्हणाल्या. "हिचा अर्थ, आम्ही बसलो, आता उठणार नाही. आता मागची टोकं आत घे. खोल. अजून खोल!"

चौथ्या खेपेला रुमाल माझ्या तळहातावर ताठ उभा राहिला. तांते इतक्या मोठ्याने ओरडल्या की आतली परिचारिका धावत आली. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मी ती घडी अध्यक्षबाईंच्या मुलीला दाखवली. पुढच्या आठवड्यात बारा स्वयंपाकघरांत बारा जणी खळीच्या पातेल्यात हात घालून बसल्या होत्या. मुलीचा हात माझ्याहून सफाईदार निघाला. मी शिकवणं थांबवलं आणि ती शिकवू लागली.

एक जुलैला हिरवळीवर सगळ्या दीड-दीड मीटरवर उभ्या राहिल्या. निळे, पिवळे, लाल कोतो, आणि प्रत्येक डोक्यावर तीच घडी. तांतेंना ओसरीवर आणलं, त्यांच्याही डोक्यावर तीच. ढोल दोनच होते, पण पुरले. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. म्हातारे डच आजी-आजोबा चमचे वाजवत ठेका धरू लागले. भिंत कुणीच ठोकली नाही.

तांतेंनी हात वर केला. ढोल थांबले. आता भाषण होणार, असं वाटलं.

"तिसऱ्या रांगेतली! तुझी घडी वाकडी आहे!"

हिरवळ हसून लोटपोट झाली. मी मागे कुंपणाशी सायकल धरून उभी होते. "आणि ती खळवाली कुठे आहे?" तांते ओरडल्या. अध्यक्षबाई त्या दिवशी डॉक्टरांना विचारून आल्या होत्या. त्यांनी लांबूनच एक पिशवी माझ्यासमोर गवतावर ठेवली. आत पिवळा आंगिसा होता, त्यांच्या मुलीने घडवलेला. मी तो घातला आणि पुढे गेले. दोन वर्षांत या देशात मला पहिल्यांदाच कुणीतरी 'पुढे ये' म्हटलं होतं.

निर्बंध उठले तशी जुनी शाळा उघडली. आता बुधवारी तिथे आंगिसाचा वर्ग भरतो. अध्यक्षबाईंची मुलगी शिकवते, खळीचं पातेलं माझ्याकडे. पहिल्या वर्गाला तांते स्वतः आल्या, दाराशी व्हीलचेअर थांबवून भरलेली खोली बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "खुर्च्या कमी पडतायत. खेमेंतेकडे तिसरा वर्ग मागा."

मागितला. मिळाला.