दुसऱ्याचा ‘मी’

म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या एका योगशाळेत मी बरीच वर्षं रिसेप्शनवर होते. परदेशातून शिकायला आलेली मंडळी आजारी पडली की त्यांच्याबरोबर दवाखान्यात मी जायचे, घरमालकाशी वाजलं की मध्ये मीच बसायचे. एकाचं इंग्रजी, दुसऱ्याचं कन्नड, आणि दोघांनाही राग येणार नाही असं काहीतरी माझं. लोक म्हणायचे, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं. मलाही ते खरं वाटायचं.

शाळा चालवणारे गुरुजी थकले, शाळा बंद झाली. त्याच सुमारास विद्यापीठात सार्वजनिक सेवांसाठी दुभाषी तयार करणारा अभ्यासक्रम सुरू होत असल्याचं वाचलं. दवाखाना, कोर्ट, पोलीस ठाणं, सरकारी कचेरी, जिथे माणसाला आपली भाषा सोडून बोलावं लागतं, तिथे बसणारा दुभाषी. चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. आई म्हणाली, “ते तर तुला येतंच, अल्वा? सुम्ने कशाला जातेस?”

आमचं घर कितीतरी पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात मराठी बोलतो असं आम्ही सांगतो, पण त्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं आहे की पाहुण्यांना निम्मं कळत नाही. आईचं ‘अल्वा’ म्हणजे ‘नाही का’, ‘सुम्ने’ म्हणजे ‘उगाच’. प्रवेशाच्या वेळी मी मातृभाषा मराठी लिहिली. मला इंग्रजी आणि कन्नड या जोडीत शिकायचं होतं, पण त्या जोडीला विद्यार्थी भरपूर होते आणि मराठीला कोणीच नव्हतं. नंजनगूडच्या कारखान्यांमध्ये महाराष्ट्रातून आलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी माणूस हवाच, असं विभागातल्या मुख्य बाईंनी सांगितलं आणि माझ्या नावापुढे मराठी लागलं.

बाई स्वतः कन्नड. पन्नाशीच्या, शांत, कोर्टात वर्षानुवर्षं काम केलेल्या. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की दुभाष्याने ‘ते म्हणतात’, ‘ती विचारते’ असं बोलायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. समोर कोणी काही बोललं, मग ते कुणाला उद्देशून का असेना, ते सगळं सांगायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही, गोड करायचं नाही. मी आजवर जे करत आले होते ते म्हणजे नेमकं गाळणं, घालणं आणि गोड करणं. मला ते काही फार लागलं नाही. नवीन नोकरीत नवीन नियम असतात, तसं वाटलं.

अडचण वेगळीच निघाली. वर्गात सराव चालला होता. एक मुलगा डॉक्टर झाला होता आणि कन्नडमध्ये म्हणाला, मी आधी तुम्हाला तपासतो. मी मराठीत म्हणाले, “मी आधी तुम्हाला तपासते.” आणि थांबले. कन्नडमध्ये ‘मी’ म्हणणाऱ्याच्या क्रियापदावरून तो पुरुष की बाई हे कळत नाही. मराठीत लपवता येत नाही. डॉक्टर पुरुष, मी बाई. तपासतो म्हणू की तपासते? मी बाईंना विचारलं. त्यांना प्रश्न समजायलाच वेळ लागला. मग म्हणाल्या, “हा तुमच्या भाषेचा प्रश्न आहे. तुम्ही ठरवा. पण एकदा ठरवलंत की बदलू नका.”

मी ‘तपासतो’ ठरवलं. घरी स्वयंपाक करताना “मी सांगतो, मी लिहून देतो” असं मोठ्याने म्हणायला लागले. आईने दोनदा आत येऊन पाहिलं.

दुसरी अडचण शब्दांची. बाईंनी शरीराचे शब्द पाठ करायला सांगितले. माझ्याकडे कान, नाक, डोळे, हात, पाय, पोट एवढंच मराठी होतं. टाचेला आमच्याकडे हिम्मडी म्हणतात, गुडघ्याला मोणकाल. हे शब्द मराठी नाहीत हे मला तोवर माहीतच नव्हतं. खालच्या मजल्यावर साताऱ्याहून आलेलं एक कुटुंब भाड्याने राहतं. त्यातल्या सूनबाईंना मी माझी अडचण सांगितली. त्या हसल्या नाहीत. “सकाळी या, बाळाला तेल लावते तेव्हा,” म्हणाल्या. रोज सकाळी मी त्यांच्या मोरीजवळ पाटावर बसायचे. त्या बाळाचं एकेक अंग चोळत नाव घ्यायच्या: ही पोटरी, हा घोटा, ही टाच, हा तळपाय, ही करंगळी, ही बरगडी, ही काख. मी मागून म्हणायचे. बाळाला वाटायचं त्याच्याशीच खेळ चालला आहे. त्या सूनबाईंकडून मी जेवढं मराठी शिकले तेवढं घरात कधी ऐकलं नव्हतं.

पहिलं सत्र संपायच्या आत एका दवाखान्यातून विभागाला निरोप आला. मराठी माणूस हवा होता. विभागात मराठी म्हणजे मी. बाई म्हणाल्या, “मी शेजारी बसेन. पण बोलणार तुम्ही.”

रुग्ण साठीच्या आसपासचे, मूळचे बार्शीकडचे. जन्मभर शिलाईकाम केलेले. पत्नी गेल्यावर मुलाने त्यांना नंजनगूडला आणलं होतं, तो तिथल्या कारखान्यात सुपरवायझर होता. येताना त्यांनी पायाची शिलाई मशीन सोबत आणली होती आणि तिच्यावर शेजाऱ्यांचे कपडे शिवत होते. त्यांना मधुमेह होता, उजव्या पायाची जखम चिघळली होती. आधीच्या दोन्ही वेळी मुलगाच डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला होता आणि वडील नुसते मान हलवत राहिले होते. ऑपरेशनची परवानगी स्वतः रुग्णाने समजून द्यायला हवी, म्हणून डॉक्टरांनी मुलाला बाजूला ठेवून दुभाषी मागवला होता. मुलालाही ते सांगितलेलं होतं. त्याला ते आवडलेलं नव्हतं.

शिकवल्याप्रमाणे मी सुरुवातीलाच तिघांनाही सांगितलं. मराठीत म्हणाले, “काका, डॉक्टर ‘मी’ म्हणतील तेव्हा मीही ‘मी’ म्हणेन. तो ‘मी’ डॉक्टरांचा. आणि इथे कोणीही, कुठल्याही भाषेत, काहीही बोललं तरी ते मी सगळ्यांना सांगेन.” हेच कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगितलं, मग मुलाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

डॉक्टरांनी “यजमानरे” अशी सुरुवात केली. वडीलधाऱ्या पुरुषाला इकडे तसं म्हणतात. तेच मराठीत नेलं असतं तर म्हाताऱ्यांनी कुणाचे यजमान म्हणून आजूबाजूला पाहिलं असतं. मी “काका” म्हटलं. “काका, तुमची जखम मी परवा पाहिली. आज पुन्हा तपासतो.” बाईमाणसाच्या तोंडून ‘तपासतो’ ऐकून ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांना समजलं आणि त्यांनी पाय पुढे केला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. तेवढ्यात मुलगा खुर्चीतून पुढे वाकला आणि इंग्रजीत भराभर काहीतरी म्हणाला. डॉक्टरांनी हात वर केला, पण त्याचं बोलून झालं होतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कोरा होता.

मी म्हाताऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, “डॉक्टर, बोटं काढायचं आत्ता माझ्या वडिलांना सांगू नका. ते घाबरतील. घरी गेल्यावर मी हळूहळू सांगतो.”

“मॅडम!” मुलगा उठून उभा राहिला.

 म्हातारे मुलाकडे वळून म्हणाले, “बोटं काढायची हायेत?”

“आण्णा, मी सांगणारच होतो.”

“कवा?”

मुलगा खाली बसला.

“मी घाबरंन म्हणून का तू घाबरलास म्हणून?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. हे सगळं मी कन्नडमध्ये डॉक्टरांना सांगत गेले. ‘मी घाबरेन म्हणून का’ हे म्हणताना माझा आवाज मला परका वाटला. पण तो तसाच असावा लागतो, असं शिकवलेलं होतं.

“कोणती बोटं? आंगठा का?”

“करंगळी आणि तिच्या शेजारचं,” डॉक्टर म्हणाले, म्हणजे मी म्हणाले. “अंगठा राहील. आत्ता काढली नाहीत तर जखम वर सरकेल. मग घोट्यापासून पाय काढायची वेळ येऊ शकते.”

“मशीन चालवता यील?”

डॉक्टरांनी त्यांना पायाची टाच आणि पंजा आळीपाळीने दाबायला लावले, स्वतः हात लावून पाहिलं. “जखम भरल्यावर चालवता येईल. पण पायाला मुंग्या येतात का, चटका कळतो का, हे मला खरं सांगा.”

“कळत न्हाई,” ते म्हणाले. “लई दिवस झालं.”

हे मुलाला माहीत नव्हतं. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे तोंड केलं. “ताई, तुमी आपलं मानूस. तुमीच सांगा. करू का न्हाई?”

हा प्रश्न वर्गात कधी आला नव्हता. मला मत नव्हतं असं नाही. मी डॉक्टरांकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, “ताई, तुम्ही आपलं माणूस. तुम्हीच सांगा, करू की नको?”

“आवं, तुमाला इचारलं म्या,” म्हातारे म्हणाले. मी तेही सांगितलं. डॉक्टर थोडे पुढे सरकून बसले आणि त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले, “माझ्या वडिलांचा पाय असता तर मी करून घ्या असंच म्हणालो असतो.”

मी ते मराठीत सांगितलं. ‘म्हणालो असतो’.

ते लगेच हो म्हणाले नाहीत. मुलाला चहा आणायला पाठवलं, एकटेच बसून राहिले. मग सही केली.

बाहेर मुलगा मला भेटला. “तुम्हाला काहीच वाटलं नाही?” त्याने विचारलं.

“मी आधी सांगितलं होतं.”

“सांगितलं की झालं?”

 बाई मध्ये पडल्या नाहीत. तो पायऱ्या उतरून गेला.

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, “इंग्रजी वाक्यानंतर तुम्ही फार वेळ थांबलात. त्या वेळात माणसं आपापलं काहीतरी समजून घेतात. पुढच्या वेळी एवढं थांबू नका.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “थांबला नाही असा कोणी मी अजून पाहिलेला नाही.” त्यांना एवढंच सांगायचं होतं.   मी घरी आल्यावर आईने काय झालं ते विचारलं, पण दवाखान्यातलं बाहेर सांगायचं नसतं. मी म्हणाले, “पाठ झाला.” तेवढ्यावरून तिला वाटलं, मला येतं त्यापलीकडे कॉलेजात अजूनही काही शिकवत नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. शेवटच्या तपासणीला मला पुन्हा बोलावलं. मुलगा आला नव्हता, सून आली होती, ती बाहेरच बसली. म्हाताऱ्यांनी शंका मनात तयार करून आणल्या होत्या. बूट कसला घालू, पाण्यात पाय किती वेळ ठेवू, डाव्या पायानं मशीन चालवायला लागलोय ते चालेल का, आणि त्या पायालाही चटका कळत नाही, मग त्याचं काय. ते सरळ डॉक्टरांकडे बघून बोलत होते, डॉक्टर त्यांच्याकडे बघून. मधल्या खुर्चीवर मी बसले होते, आणि त्या पूर्ण भेटीत दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी वर्ग होता. बाईंनी आता सरकारी कचेरीतले, जमिनीच्या मोजणीचे शब्द काढले होते. बांध, हद्द, वहिवाट. मी मागच्या बाकावर बसून ते लिहून घेतले.