कामाची खोली

रफूवालीने भरलेलं भोक कापडाच्या मालकालासुद्धा सापडायचं नाही, असा तिचा हात. पण त्या सकाळी तिने सुईत दोराही ओवला नव्हता. अकरा वाजता कर खात्याचा साहेब तिची मागची खोली बघायला येणार होता.

झालं होतं असं. घरातून काम करणाऱ्याला कामाच्या खोलीपुरती करात सूट मिळते. अट एकच, त्या खोलीत दुसरं काही नको. पहिल्यांदा सूट मागितली तेव्हा खरंच काही नव्हतं. खिडकीशी टेबल, वाकणारा दिवा आणि लोकांचे कोट, बस. मग आई पडली, कंबर धरून बसली, आणि तिची खाट त्याच खोलीत लागली. दुसरी खोली होती कुठे? ही बया मात्र 'फक्त कामासाठी' या ओळीखाली दरवर्षी सही ठोकत राहिली. कोण बघायला येतंय, म्हणाली. घ्या, आले की नाही बघायला!

आता तिची पाचावर धारण बसली. खोटारडी ठरले तर दंड तर होईलच, वर कपडे पाठवणारी दुकानं दारात उभं करायची नाहीत. मग आईला घेऊन जायचं कुठे?

तिने खाट खोलून माळ्यावर टाकली. उशी कपाटात कोंबली. आईचं पांघरूण हातात उरलं, तेव्हा सवयीने त्याला गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचली आणि कोटांच्या ढिगावर ठेवून दिलं.

राहिली आई. पडल्यापासून तिच्या डोक्यात काही टिकत नसे, पण एकदा पक्कं बसलं की निघतही नसे. म्हणून रफूवाली सकाळपासून तिच्या मागे लागली होती.

"तू इथे राहत नाहीस. गिऱ्हाईक आहेस. म्हण बघू."

"मी गिऱ्हाईक आहे," आई शहाण्या पोरीसारखी म्हणाली.

"परत म्हण."

आई परत म्हणाली. बिचारी किती वेळा म्हणाली असेल!

साहेब आला तो भला माणूस निघाला, आणि भल्या माणसाची भीती जास्तच वाटते. त्याने बूट बाहेर काढले, आईला नमस्कार केला, खोलीभर नजर फिरवली. मग ढिगावरचं पांघरूण उचललं, उलटं केलं, उजेडात धरलं.

"ताई, याला भोक कुठे आहे? चिठ्ठी तर रफूची आहे."

भोक होतं कुठे? मागच्याच थंडीत रफूवालीने ते इतकं बेमालूम भरलं होतं की आता तिचं तिलाही दाखवता आलं नसतं. साहेबाचं बोट कापडावरून फिरत राहिलं.

"कुणी झोपतं का इथे?" त्याने सहज विचारलं. "असेल तर सांगून टाका. पुढची सूट बंद होईल, एवढंच. लपवलं की मग माझाही नाइलाज होतो."

सांगायची वेळ हीच होती. पण तिने ढिगातला एक कोट उचलला आणि त्याचीच चिठ्ठी नीट करत बसली.

"माझं आहे ते," खुर्चीतून आई म्हणाली. "रफूला टाकलं होतं. झालं वाटतं."

"अच्छा! मग तुम्ही कुठे राहता, आजी?"

"मी इथे नाही राहत. मी गिऱ्हाईक आहे."

साहेब हसला, पांघरुणाची घडी घालून आईच्या मांडीवर ठेवली आणि दोन ओळी लिहून निघून गेला. दार लागलं तशी रफूवाली भिंतीला टेकून खालीच बसली. सुटलो! हसू आणि रडू एकदमच आलं.

"आई, कमाल केलीस गं! थांब, आधी तुझी खाट खाली काढते."

आई उठली होती. पांघरूण छातीशी धरून एक हात कमरेच्या पिशवीत चाचपत होती.

"किती द्यायचे हो, बाई?"

"पुरे आता, आई. गेला तो."

आईने तिच्याकडे पाहिलं. दुकानदाराकडे पाहावं तसं, अदबीने.

"काम छान केलंत हो तुम्ही. पण मला निघायला हवं."

रफूवालीने आईचा हात घट्ट धरला. "आई, मी आहे गं. कुठे निघालीस?"

"घरी," आई हात हलकेच सोडवून घेत म्हणाली. "लेक वाट बघत असेल माझी."