वेंडेल ट्रास्कची तिसरी परीक्षा

एकतीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतेय. जर्मनीतल्या आमच्या नीडरवाखच्या रस्त्यांवर जे लोक दिसतात, त्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी माझी बोलणी खाल्ली आहेत. सध्याचे महापौर त्यात आले, आणि चर्चचे पाद्रीही. या सगळ्यांत उत्तम ड्रायव्हर कोण, असं मला कुणी विचारलं तर मी वेंडेल ट्रास्कचं नाव सांगते. वेंडेल माझ्याकडे शिकून तीनदा नापास झाला.

वेंडेल पन्नाशीचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. अमेरिकेत, मोंटानात, त्याने बावीस वर्षं शाळेची बस चालवली. पहाटे बस गरम करून ठेवायची आणि गुडघाभर बर्फातून एकेका शेतघरापाशी थांबत मुलं गोळा करायची. बावीस वर्षांत एकाही मुलाला ओरखडा उठला नाही. हे त्याने स्वतः सांगितलं नाही, त्याची बायको कॉरिन बोलली. तो स्वतःबद्दल फारसं बोलतच नसे.

कॉरिन हृदयरोगाच्या वॉर्डातली नर्स. आमच्या जिल्ह्याच्या इस्पितळाला नर्सेस मिळेनात, तेव्हा तिला तीन वर्षांच्या करारावर बोलावून घेतलं. ती आली ती पगारासाठी नव्हे, तर मुलीसाठी. हॅटी नऊ वर्षांची, आणि तिला फिट्स यायच्या. तिकडे पोरीच्या औषधपाण्यात घर विकायची वेळ आली होती, इथे सगळं विम्यात बसत होतं. त्यामुळे परत जायचा प्रश्नच नव्हता. काही झालं तरी इथेच निभावायचं, असं नवराबायकोने पक्कं ठरवलं होतं.

पहिले सहा महिने बरे गेले. कॉरिन सकाळच्या बसने इस्पितळात जायची, वेंडेल घर बघायचा. हॅटीची शाळा दरीपलीकडे, अकरा किलोमीटरवर. शाळेत फिट आली की शाळेतून फोन यायचा आणि वेंडेल जुन्या ओपेल गाडीतून पंधरा मिनिटांत हजर व्हायचा. फिटनंतर ती पोर गाढ झोपते, तिला उचलून आणावं लागतं. आईबापांपैकी कुणीतरी आल्याशिवाय शाळा तिला सोडत नसे, आणि कॉरिनला ऑपरेशनच्या पेशंटला सोडून निघता येत नसे.

मग परदेशी लायसन्सवर गाडी चालवायची सहा महिन्यांची मुदत संपली, आणि त्याचं लायसन्स आमच्या देशापुरतं कागदाचा तुकडा झालं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याचं लायसन्स आमच्याकडे नुसतं बदलून मिळतं, शेजारच्या मोंटानाचं मिळत नाही. का, ते मला विचारू नका. वेंडेलची समजूत अशी की आपणही लायसन्स ऑफिसच्या खिडकीवर जायचं, जुनं द्यायचं आणि नवं घ्यायचं. खिडकीवरच्या बाईने त्याला माझा पत्ता दिला.

पहिल्याच दिवशी त्याने मला 'हिल्ट्रुड' म्हणून हाक मारली. माझी शेजारीण मला अठ्ठावीस वर्षं आडनावाने 'फाफ बाई' म्हणते. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तो मला 'मिस हिल्ट्रुड' म्हणायला लागला, आणि त्याचा तो नम्र चेहरा बघून मी ते चालवून घेतलं. भाषेचं म्हणाल तर माझं इंग्रजी कामापुरतं, आणि त्याचं जर्मन 'नमस्कार' आणि 'माफ करा' एवढंच.

गाडी त्याच्या हातात दिली आणि मी चाटच पडले. क्लच, गिअर, आरसे, सगळं हाताच्या सवयीचं. घाटाच्या वळणावर माझ्या कपातली कॉफीसुद्धा हलली नाही. या माणसाला मी काय शिकवणार, असं मनात आलं, तेवढ्यात आम्ही वस्तीत शिरलो.

आमच्याकडे वस्तीतल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं. एवढंच. पोरंटोरंसुद्धा सायकल चालवताना हे पाळतात. वेंडेलच्या गावी चौकात सगळे थांबतात, आणि मग जो आधी आला तो आधी जातो. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे तो सभ्य. स्वतः उजवीकडून आला असला तरी थांबायचा आणि समोरच्याला हात करून म्हणायचा, जा तुम्ही. समोरचा बिचारा गोंधळून थांबायचा. हा परत हात करायचा. असे दोघेही एकमेकांना जा जा म्हणत उभे.

मी त्याला म्हटलं, "वेंडेल, हा रस्ता आहे. इथे कुणाला पाहुणचार करायचा नाही. तुमचा हक्क आहे तर निघा."

"पण त्या बाईंच्या गाडीत म्हातारी बसली होती, मिस हिल्ट्रुड."

"म्हातारी असो नाहीतर बिशप असो. निघा."

तो हसला आणि पुढच्या चौकात पुन्हा थांबला.

पहिल्या परीक्षेत तो तिसऱ्या मिनिटाला नापास झाला. लाल सिग्नलला थांबला, डावीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता आणि हा शांतपणे लाल दिव्यावरच उजवीकडे वळून गेला. त्याच्याकडे ते चालतं. बावीस वर्षं त्याने तेच केलं होतं, आणि घाबरला की हात जुन्या सवयीवर जातात. परीक्षेत शिक्षकाने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. पायाशी माझा ब्रेक असतो. तो दाबला तर विद्यार्थी नापासच. परीक्षक ब्र्यूल साहेब मागच्या सीटवर. मी नुसती बघत राहिले.

दुसऱ्या परीक्षेच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आमचा तास चालू असताना त्याचा फोन वाजला. शाळेचा होता. त्याने गाडी नीट बाजूला घेतली, ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. त्या महिन्यात शेजाऱ्यांनी त्याला दोनदा शाळेत नेलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटायची, म्हणून मधे एकदा तो अकरा किलोमीटर धावत गेला होता. हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, "चला. मी शेजारी बसलेय तोवर तुम्ही चालवू शकता. तास कुठे घ्यायचा ते मी ठरवते."

त्या दिवशी जाताना त्याने एकही चूक केली नाही. हात करणं नाही, थांबणं नाही, आपल्या हक्काने निघत गेला. ब्र्यूल साहेब तेव्हा मागे बसायला हवे होते. शाळेत पोहोचल्यावर तो गुडघ्यांवर बसला, हॅटीला झोपेतच खांद्यावर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. परतीच्या वाटेवर म्हणाला, "मी लोकांची मुलं रोज दारापर्यंत पोचवायचो, मिस हिल्ट्रुड." मी त्याला इंडिकेटर उशिरा दिल्याबद्दल टोकलं.

दुसऱ्या परीक्षेत तो चौकात नापास झाला. हक्क त्याचा होता. तो थांबला आणि हात केला. मागून ब्र्यूल साहेबांच्या पेनाचा आवाज आला. वेंडेललाही तो कळला, कारण त्याची मान लाल झाली.

मग मात्र मी हट्टाला पेटले. रोज तास घेतला, रविवार सोडून. एके दिवशी त्याचा उजवा हात मऊ रुमालाने गिअरला बांधून ठेवला, म्हणजे तो वर उचलला जाणार नाही. तो हसला, मीही हसले. तीन आठवडे असे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत शाळेतून एकदाही फोन आला नाही. वेंडेलचा चेहरा उजळला. नवं औषध लागू पडलं, म्हणायचा. घरी त्याने भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं आणि फोन न आलेल्या दिवसांवर खुणा करत होता. "सतरा दिवस," एकदा गाडीत बसता बसता सांगितलं. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा खूश झालेला मी पाहिला, आणि मलाही वाटायला लागलं की या वेळी जमणार.

तिसरी परीक्षा मंगळवारी अकराला होती. सिग्नलला तो नीट थांबला. चौकात आपल्या हक्काने निघाला. मागे ब्र्यूल साहेब समाधानाने खुर्चीत बसल्यासारखे सैल बसले होते. वीस मिनिटं झाली होती, आता फक्त परत यायचं होतं.

चर्चच्या वळणावर, समोरच्या बाजूला, थांब्यावर शाळेची बस उभी होती. सहलीहून आली असावी. तिचे दिवे लुकलुकत होते आणि मुलं उतरत होती. आमच्याकडे अशा वेळी पायी चालण्याच्या वेगाने, अंतर ठेवून, पुढे जायचं असतं. हे वेंडेलला पाठ होतं. पुस्तकी परीक्षेत त्याने ते उत्तर बरोबर दिलं होतं. पण त्याच्या देशात बसचे दिवे लुकलुकले की दोन्ही बाजूंचा सगळा रस्ता जागच्या जागी थांबतो. त्या दिव्यांचं बटण बावीस वर्षं त्याच्याच बोटाखाली होतं.

त्याने गाडी थांबवली. इथपर्यंतही चाललं असतं. तेवढ्यात मागच्या डिलिव्हरी व्हॅनने हॉर्न वाजवला आणि आम्हाला ओलांडून पुढे जायला चाक वळवलं. वेंडेलने हँडब्रेक ओढला, पट्टा सोडला, दार उघडलं आणि तो रस्त्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात आडवे पसरून, व्हॅनच्या पुढे. शेवटचं मूल फुटपाथवर चढेपर्यंत तो हलला नाही. मुलांकडे बघत ओठांनी काहीतरी पुटपुटत होता. मला वाटतं, मोजत होता.

परत येऊन बसला, पट्टा लावला आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

ब्र्यूल साहेब वाईट माणूस नाही. पेन हातात धरून ते जर्मनमध्ये मला म्हणाले, "फाफ बाई, परीक्षार्थी चालत्या परीक्षेत गाडीतून उतरला. मी काय लिहू, तुम्हीच सांगा." मी एकतीस वर्षांत कधी परीक्षकापुढे गयावया केली नव्हती, ती त्या दिवशी केली. मुलीचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहायचं ते लिहिलं. त्यांच्या जागी मीही तेच लिहिलं असतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

साहेब उतरून गेल्यावर वेंडेल स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, शाळा सुटेलच, निदान हॅटीला घेऊन येऊ. तास म्हणून. त्याने मान डोलावली.

शाळेच्या दारात लेन्झ बाई उभ्या होत्या, हॅटीच्या वर्गशिक्षिका. मला बघून त्या पुढे आल्या आणि घाईघाईने जर्मनमध्ये बोलायला लागल्या. वेंडेल हसून शेजारी उभा होता, त्याला एक शब्द कळत नव्हता. बाई म्हणत होत्या, झालं का लायसन्स, मला आता झेपत नाही हो. या तीन आठवड्यांत चार फिट्स आल्या पोरीला. दर वेळी शुद्धीवर आली की माझा हात धरून म्हणते, बाबांना फोन करू नका, त्यांना येता येत नाही. आईला फोन केला तर ती रडली आणि म्हणाली, परीक्षा होईपर्यंत थांबा, त्याच्या कानावर घालू नका. मी तिला पुस्तकांच्या खोलीत गादीवर निजवते आणि बाकी वर्ग शेजारच्या बाईंवर सोडून तिच्यापाशी बसते. हे बरोबर नाही, मला माहीत आहे.

वेंडेल माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणतायत बाई?"

हॅटी आमच्या मधे उभी होती. आठ-नऊ महिन्यांत ती आमच्या पोरांसारखं जर्मन बोलायला लागली होती, तिला सगळं कळलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बापाचा हात धरला.

"बाई म्हणतायत, मी शहाण्यासारखी वागते," ती म्हणाली. "आणि हल्ली मला बरं असतं."

वेंडेलचा चेहरा खुलला. म्हणाला, मला ठाऊकच होतं. मग त्याने तिला सांगितलं की परीक्षा याही वेळी गेली.

"चालेल, बाबा," ती म्हणाली. "तुला इथे यायची गरजच पडत नाही ना आता."

तिच्या कोपरावर पडल्याच्या माराचा, हिरवट झालेला मोठा डाग होता. तिने बाही खाली ओढून तो झाकला.

वेंडेल माझ्याकडे वळला. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं, कारण मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही, हे त्याला माहीत होतं.

"खरंच बरी आहे ना ती, मिस हिल्ट्रुड?"

लेन्झ बाई माझ्याकडे बघत होत्या. हॅटीही बघत होती.

"हो," मी म्हटलं. "बरी आहे."