नांगरटीतली सोबत

गावात पहिला ट्रॅक्टर आला आणि तो चालवायचा मान थोरल्याला मिळाला. तोवर नांगरट म्हणजे गप्पांचा फड असायचा. बैलजोड्या ओळीनं चालायच्या, माणसं एकमेकांना हाका मारायची. ट्रॅक्टर एकटाच सगळ्यांचं काम उरकू लागला, तसे बाकीचे नांगरे पोटापाण्यासाठी शहराकडे गेले. थोरल्याचा धाकटा भाऊही गेला. थोरला मात्र मागे राहिला. इंजिनाच्या धडधडाटानं हळूहळू त्याचे कान मंद झाले. दुपारचा डबा तो बांधावर एकटाच उघडायचा.

बऱ्याच वर्षांनी धाकटा भेटायला आला, तो थेट शेतात येऊन ट्रॅक्टरवर दादाशेजारी बसला. नांगरट चालू असतानाच काहीतरी बोलला. थोरल्याला काही ऐकू येईना, म्हणून त्यानं भर वावरात इंजिन बंद केलं.

“काय म्हणालास?”

“दादा, इथं तुला बोलायला कोण आहे?”

“असून काय उपयोग? ऐकू कुठं येतंय मेलं!”

दोघं हसले. मग धाकट्याचे डोळे भरून आले, तसं थोरल्यानं घाईनं इंजिन सुरू केलं.

धाकटा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. दुसऱ्या दिवशी नांगरता नांगरता थोरल्यानं उगाचच इंजिन थांबवलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत तो कितीतरी वेळ बसून राहिला.